इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना: सॉलिसिटर कसा निवडायचा, त्याला काय सांगायचं आणि काय विचारायचं

रेडिंगमधलं आमचं घर आम्हाला दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. पहिल्या वेळी एक फ्लॅट पसंत केला होता. अकरा आठवडे त्यात गेले, सर्व्हे आणि सर्चेस (घराबद्दलच्या सरकारी नोंदींची तपासणी) यांचे मिळून दीड हजार पौंडांच्या वर खर्च झाले आणि शेवटी लीजमधल्या, म्हणजे भाडेपट्ट्यातल्या, एका कलमावर बोट ठेवून बँकेने मॉर्गेज नाकारलं. ते कलम लीजच्या चौथ्या पानावर होतं. पहिल्या आठवड्यात कुणी नीट वाचलं असतं तर आमचे पैसे आणि तीन महिने दोन्ही वाचले असते. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटने सुचवलेली फर्म आम्ही चौकशी न करता घेतली होती. त्या तीन महिन्यांत आमची फाइल तीन जणांच्या हातून गेली.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी वकील शोधला आणि मग घर. त्या दोन्ही अनुभवांतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पुण्या-मुंबईत घर घेतलेलं असलं की काही गोष्टी आपण गृहीत धरतो आणि नेमक्या तिथेच इथली पद्धत वेगळी निघते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये प्रक्रिया हीच आहे, पण कर वेगळा. स्कॉटलंडचा कायदाच वेगळा आहे. तिथे ऑफरसुद्धा सॉलिसिटरमार्फत जाते, त्यामुळे तिथे घर घेणाऱ्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावं.

१. आधी इथली पद्धत समजून घ्या

महाराष्ट्रात आपण टोकन देतो, साठेखत नोंदवतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो देतो. इथे यातलं काहीच नसतं. कोणत्याही सरकारी कार्यालयात तुम्हाला जावं लागत नाही. मालकी तपासण्यापासून कर भरून लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदवहीत, तुमचं नाव लावण्यापर्यंतचं सगळं काम तुमचा वकील करतो. या कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात.

ऑफर स्वीकारली म्हणजे घर आपलं झालं असं समजू नका. एजंटच्या पत्रावर ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ अक्षरशः तोच आहे: करार होईपर्यंत कुणीच बांधील नाही. विकणारा मध्येच दुसऱ्याची जास्त रकमेची ऑफर घेऊ शकतो. याला इथे गझंपिंग म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. तुम्हीही एक पैसा दंड न भरता माघार घेऊ शकता. दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची अदलाबदल झाली, म्हणजे ‘एक्सचेंज’ झालं, की दोघेही अडकतात. त्यानंतर ठरलेल्या दिवशी ‘कंप्लिशन’ होतं: उरलेले पैसे जातात आणि किल्ली मिळते.

ऑफर ते किल्ली यांत तीन ते पाच महिने जातील असं धरून चला. तुम्हाला विकणारा स्वतःही दुसरं घर घेत असेल, त्याला विकणाराही तिसरं, अशी साखळी असली तर वेळ आणखी वाढतो.

२. वकील कुठे शोधायचा

हे काम दोन प्रकारचे लोक करतात. सॉलिसिटर हा सर्वसाधारण वकील असतो, त्याच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची, म्हणजे एसआरएची देखरेख असते. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर फक्त मालमत्तेचं काम करतो, त्याच्यावर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची देखरेख असते. साध्या खरेदीसाठी दोघेही तितकेच योग्य. व्यवहारात वारसाहक्क, घटस्फोट, ट्रस्ट असा काही गुंता असेल तर सॉलिसिटर बरा, कारण त्याच फर्ममध्ये त्या विषयाचा माणूस सापडतो.

फर्मचं नाव कळल्यावर ते संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा. परवानगी खरोखर आहे का ते दोन मिनिटांत कळतं. खऱ्या फर्मच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढणारे लोकही असतात, आणि एसआरए त्यांच्याबद्दलचे इशारे तिथेच प्रसिद्ध करते. लॉ सोसायटीची ‘कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम’ नावाची मान्यता असेल तर ती जमेची बाजू.

एजंट त्याच्या ओळखीची फर्म पुढे करेल. त्या फर्मकडून त्याला रेफरल फी मिळत असते, आणि ती किती आहे हे तुम्हाला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘आमचा वकील घेतलात तर तुमची ऑफर लवकर मान्य होईल’ असं कुणी सुचवलं तर शांतपणे सांगा की वकील आम्ही निवडू. अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. एजंट विकणाऱ्यासाठी काम करतो, त्याची दलालीही विकणारा देतो. तुमचा वकील तेवढा फक्त तुमच्यासाठी (आणि तुमच्या बँकेसाठी) काम करणार असतो. म्हणूनच ही एक निवड स्वतः करावी असं मला मनापासून वाटतं.

आम्हाला दुसरी वकील बाई मिळाली ती आमच्याच भागात घर घेतलेल्या एका तेलुगू शेजाऱ्याकडून. ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत घर घेतलंय, आणि तेही भारतातून पैसे आणून, अशा ओळखीच्या लोकांना विचारा. महाराष्ट्र मंडळात, मुलांच्या मराठी शाळेच्या कट्ट्यावर हा विषय काढला की चार नावं मिळतात आणि कुणाला टाळायचं तेही कळतं.

३. ठरवण्याआधी फोन करा आणि हे विचारा

तीन फर्मना फोन करा. नुसतं ईमेलवर कोटेशन मागवू नका. फोन कोण उचलतं, किती वेळात उलटा फोन येतो, यावरूनच पुढच्या चार महिन्यांचा अंदाज येतो.

- माझी फाइल नेमकं कोण बघणार? ती व्यक्ती रजेवर गेली तर कोण?
- माझ्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, तुम्ही आहात का? (नसाल तर बँक स्वतःचा वेगळा वकील लावते आणि त्याचा खर्च आपल्यावर येतो.)
- परदेशातून, विशेषतः भारतातून भेट म्हणून आलेले पैसे तुम्ही स्वीकारता का? त्यासाठी जादा फी किती?
- स्टँप ड्यूटीबद्दल सल्ला देता, की फक्त रिटर्न भरता? बऱ्याच फर्मच्या करारपत्रात ‘आम्ही करविषयक सल्ला देत नाही’ अशी ओळ असते. ती आहे का ते आधीच बघा.
- लीज हातात आल्यावर किती दिवसांत वाचता?
- व्यवहार मध्येच मोडला तर फी किती घेता?

फीबद्दल एक सांगते. जाहिरातीतला ४९९ पौंडांचा आकडा धरून चालू नका. त्यावर २० टक्के व्हॅट येतो, मग मॉर्गेजचे वेगळे, लीजहोल्डचे वेगळे, भेट मिळालेल्या पैशांच्या तपासणीचे वेगळे, ओळख तपासणीचे, बँक ट्रान्सफरचे, स्टँप ड्यूटीचं रिटर्न भरण्याचे वेगळे. शिवाय सर्चेस आणि लँड रजिस्ट्रीची फी, जी वकिलाच्या खिशात जात नाही पण तुमच्या खिशातून जाते. या सगळ्याची बेरीज करून, व्हॅटसकट, एका आकड्यात लेखी मागा. फर्मना आपले दर जाहीर करणं एसआरएने २०१८ पासून बंधनकारक केलं आहे, तेव्हा विचारताना संकोच नको.

४. भारतात तुमच्या नावावर घर आहे? हे पहिल्याच दिवशी सांगा

हा भाग सावकाश वाचा. आपल्या लोकांना सगळ्यात मोठा फटका इथे बसतो.

इथली स्टँप ड्यूटी टप्प्यांनी लागते. १ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे: पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिलंच घर घेणाऱ्याला सवलत आहे: ३,००,००० पर्यंत काहीच नाही, त्यापुढे ५,००,००० पर्यंत ५ टक्के. घराची किंमत ५,००,००० च्या वर गेली की ही सवलत पूर्ण जाते.

‘पहिलंच घर’ याचा अर्थ इथल्या कायद्यात जगात कुठेही पहिलं घर असा आहे. पुण्यातला फ्लॅट धरला जातो. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून गावच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव लागलं असेल तर तोही हिस्सा धरला जातो. पूर्वी होतं आणि नंतर विकलं, तरी सवलत गेली. दोघे मिळून घेत असाल आणि दोघांपैकी एकाचंच असं घर असेल, तरीही दोघांची सवलत जाते.

हे झालं सवलतीबद्दल. दुसरा भाग याहून जड आहे. कंप्लिशनच्या दिवसअखेर तुमच्या नावावर जगात कुठेही दुसरं घर असेल आणि तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर लागतो. ३१ ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा जादा दर ३ टक्के होता, त्यामुळे जुने लेख वाचून हिशेब करू नका. ४०,००० पौंड म्हणजे रुपयांत साधारण ४० ते ५० लाख. शहरातला कुठलाही बरा फ्लॅट त्यात सहज बसतो. यासाठी नवरा-बायको एकच धरले जातात: घर एकाच्याच नावावर घेतलं तरी जोडीदाराचा भारतातला फ्लॅट मोजला जातो.

४,००,००० पौंडांच्या घराचा हिशेब करून बघा. पहिलं घर घेणाऱ्याला ५,००० पौंड. सवलत नसेल तर १०,०००. भारतात घर असेल तर ३०,०००.

आमच्या बाबतीत हेच झालं. पुण्यातल्या फ्लॅटवर सासूबाईंबरोबर माझ्या नवऱ्याचंही नाव आहे. पहिल्या फर्मच्या फॉर्मवर ‘दुसरी मालमत्ता आहे का’ या प्रश्नाला त्याने ‘नाही’ लिहिलं, कारण प्रश्न इंग्लंडबद्दल आहे असंच त्याला वाटलं, आणि तिथे कुणी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या वकील बाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, ‘जगात कुठेही?’ तेव्हा आम्हाला कळलं. बजेट कमी करून, लहान घर बघून आम्ही तो कर भरला. पण घर बघायच्या आधी कळलं म्हणून ते जमलं. एक्सचेंजनंतर कळलं असतं तर वीस हजार पौंड कुठून आणणार होतो?

काही बाबतींत मार्ग असतात. भारतातलं घर गेल्या तीन वर्षांत तुमचं स्वतःचं राहतं घर होतं आणि ते तुम्ही विकलं किंवा विकणार असाल, तर जादा कर टळू शकतो किंवा परत मिळू शकतो. वारसाने ५० टक्के किंवा कमी हिस्सा गेल्या तीन वर्षांतच मिळाला असेल तर जादा करासाठी तो मोजला जात नाही. रिकामा प्लॉट किंवा नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे. पण घाईघाईने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळे होऊ नका. तिकडचा खर्च, तिकडचे कर आणि घरातली नाती, तिन्हींचा विचार करायला वेळ लागतो. आणि ‘भारतातलं यांना काय कळणार’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रिटर्नमधली माहिती खरी आहे असं तुम्हीच लिहून देता, वकील नाही. खोटी निघाली तर कर, व्याज आणि दंड तुमच्याच नावावर.

नुकतेच आलेल्यांसाठी आणखी एक: खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही यूकेमध्ये किमान १८३ दिवस राहिला नसाल, तर स्टँप ड्यूटीसाठी तुम्ही अनिवासी ठरता आणि आणखी २ टक्के लागतात. व्हिसा कोणता आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. खरेदीनंतर तुमचे दिवस पूर्ण झाले तर ही रक्कम परत मागता येते, पण अर्ज आपणच करायचा असतो.

५. भारतातून येणारे पैसे

इथले वकील मनी लाँडरिंगच्या नियमांनी बांधलेले आहेत. खात्यात पैसे आहेत एवढं त्यांना पुरत नाही. ते तुमच्याकडे कुठून आले आणि देणाऱ्याकडे कुठून आले, हे कागदोपत्री जुळावं लागतं. आपल्याला हा अविश्वास वाटतो, माझ्या सासऱ्यांनाही वाटला. त्यांना मी एवढंच सांगितलं की प्रत्येकाला हेच विचारतात, आणि न विचारणारा वकील आपल्याला नकोच.

आई-वडील भेट म्हणून पैसे देत असतील तर बँकेच्या नमुन्यातलं भेटपत्र लागतं: पैसे परत करायचे नाहीत आणि देणाऱ्याचा घरावर हक्क नाही, असं त्यात असतं. पैसे खरोखर परत करायचे असतील तर तसंच सांगा. कर्जाला भेट म्हणून दाखवणं हा मॉर्गेजमधला गुन्हा आहे.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते, तो नंतर आयकरात वळता होतो, पण पाठवताना तेवढे पैसे जादा हाताशी लागतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून आणायचे असतील तर सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथल्या शाखेत दोन खेपा होतातच. एनआरईमधले पैसे सरळ येतात. मार्चअखेर आणि दिवाळीचा आठवडा टाळा.

पैसे आधी तुमच्या स्वतःच्या इथल्या खात्यात आणा, तेही एक्सचेंजच्या निदान महिनाभर आधी. बहुतेक फर्म भारतातून थेट आपल्या खात्यात आलेले पैसे घेत नाहीत.

६. गोळा करून ठेवायचे कागद

- दोघांचे पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा, इथल्या पत्त्याचे दोन पुरावे
- इथल्या सगळ्या खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स, पगारपत्रकं
- भेट देणाऱ्यांचे पासपोर्ट किंवा आधार-पॅन, पत्त्याचा पुरावा, त्यांची बँक स्टेटमेंट्स
- पैसा जमीन किंवा घर विकून आला असेल तर खरेदीखत, इंडेक्स टू आणि रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद. एफडी मोडली असेल तर तिची पावती
- रेमिटन्सची पावती

खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. आम्ही नातेवाइकाकडून करून घेतलेलं भाषांतर नाकारलं गेलं आणि त्यात दहा दिवस गेले, तेव्हा हे काम आधीच करून ठेवा. दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. लग्नाआधीच्या नावावर एफडी असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र जोडा आणि ‘ही एकच व्यक्ती’ असं सांगणारं एक छोटं पत्र पहिल्याच खेपेला द्या.

७. फ्लॅट घेत असाल तर लीज आधी

इथले जवळपास सगळे फ्लॅट लीजहोल्ड असतात. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, तुम्हाला ठरावीक वर्षांचा हक्क. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जागेवर राहिलेल्यांना ही कल्पना नवी नाही. आपल्या सोसायटीसारखं सभासदांच्या हातात मात्र काही नसतं. सर्व्हिस चार्ज, म्हणजे देखभालीचा खर्च, किती ते मॅनेजमेंट कंपनी ठरवते.

ऑफर देण्याआधीच एजंटला चार आकडे विचारा: लीजची किती वर्षं उरली, ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं वार्षिक भाडं) किती, तो किती वर्षांनी कसा वाढतो, आणि गेल्या तीन वर्षांत सर्व्हिस चार्ज किती होता. आमचा पहिला फ्लॅट अडला तो तिसऱ्या आकड्यावर: ग्राउंड रेंट दर दहा वर्षांनी दुप्पट होणार होता. आज अडीचशे पौंड फारसे वाटत नाहीत, पण पन्नास वर्षांनी ते आठ हजार होतात. अशा लीजवर कर्ज द्यायला बँका तयार नसतात, म्हणजे उद्या आपल्याकडून विकत घेणाराही मिळणार नाही. ३० जून २०२२ पासून दिलेल्या नव्या लीजवर ग्राउंड रेंट लावता येत नाही. जुन्या लीज मात्र जशाच्या तशा आहेत.

८० वर्षांपेक्षा कमी उरलेली लीज वाढवणं फार महाग पडतं, म्हणून ८५ च्या आसपासची लीजही जपून घ्या. पूर्वी लीज वाढवून मागायला दोन वर्षं मालकी लागायची, ती अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली. लीजबद्दलचा २०२४ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, तेव्हा आज नेमकं काय लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्या.

मोठी दुरुस्ती निघाली आहे का, राखीव निधीत किती आहे, उंच इमारत असेल तर बाहेरच्या आवरणाचं, म्हणजे क्लॅडिंगचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बँका याबाबत फार काटेकोर झाल्या आहेत. आणि लीजमध्ये भाड्याने देणं, लाकडी फरशी, पाळीव प्राणी यांबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा. वकिलाला तुमच्या घरात मांजर आहे हे माहीत नसतं.

८. सर्चेस, सर्व्हे आणि शंका

वकील कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा), पाणी-सांडपाण्याचा आणि पर्यावरणाचा सर्च मागवतो. जुन्या खाणींच्या भागात कोळसा खाणींचाही. हे सगळं कागदावरचं काम आहे. वकील घर बघायला जात नाही! छत गळतंय का हे सर्व्हेयर सांगतो, आणि बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. साध्या घराला लेव्हल २, जुन्या किंवा वाढवलेल्या घराला लेव्हल ३ चा सर्व्हे करून घ्या, आणि त्याची प्रत वकिलाला पाठवा.

विकणाऱ्याने भरलेला टीए६ हा माहितीफॉर्म तुमच्याकडे येईल. शेजाऱ्यांशी वाद, पूर, जॅपनीज नॉटवीड नावाचं उपद्रवी झुडूप, केलेली बांधकामं, सगळं त्यात असतं. प्रत्यक्ष घर पाहिलेले तुम्हीच, म्हणून फॉर्म हातात घेऊन आठवा: मागची खोली नंतर बांधलेली दिसत होती का? फॉर्ममध्ये तिचा उल्लेख आहे का? पोटमाळ्याची खोली असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र हवं, एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांनाही कागद हवा. कागद नसले तर बहुधा इंडेम्निटी विमा (अशा त्रुटीमुळे पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा) घेऊन काम होतं. पण त्याआधी कौन्सिलला स्वतः फोन करून चौकशी करू नका. कौन्सिलला कळवलं की तो विमा मिळत नाही.

टायटल प्लॅनवरची, म्हणजे नोंदीतल्या हद्दीच्या नकाशावरची, लाल रेघ आणि प्रत्यक्षातलं कुंपण जुळतं का, गाडी लावायची जागा रेघेच्या आत आहे का, तेही बघा. ही प्रत लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर ७ पौंडांत कुणालाही मिळते.

वकिलाला रोज फोन करण्यापेक्षा आठवड्यातून एक ईमेल, त्यात क्रमांक घातलेले प्रश्न, असा आमचा नियम होता. प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं.

९. दोघांच्या नावावर कसं

दोन प्रकार आहेत. ‘जॉइंट टेनंट्स’मध्ये एक गेला की सगळं दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. ‘टेनंट्स इन कॉमन’मध्ये हिस्से ठरलेले असतात आणि ज्याचा त्याचा हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाच्या माहेरून किंवा घरून मोठी रक्कम आली असेल तर दुसरा प्रकार आणि जोडीला डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेला दस्त) याबद्दल मोकळेपणाने बोला. भारतातल्यासारखी नॉमिनीची सोय इथे घराला नाही, म्हणून मृत्युपत्र करा.

आई-वडील तुमच्याबरोबर कायम राहणार असतील तर ते बँकेला आणि वकिलाला सांगा. १७ वर्षांवरच्या, पण मालक नसलेल्या रहिवाशांची संमतीपत्रावर सही लागते.

१०. एक्सचेंज ते किल्ली

एक्सचेंजला साधारण १० टक्के रक्कम द्यावी लागते. मॉर्गेज ९५ टक्क्यांचं असेल तर ५ टक्क्यांवर तयार आहेत का ते वकिलाकरवी आधी विचारा. त्यानंतर माघार घेतली तर ही रक्कम जाते. म्हणून मॉर्गेजची लेखी ऑफर, सगळ्या शंकांची उत्तरं आणि पैसे, तिन्ही हातात आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका, एजंटने दिवसातून तीनदा फोन केला तरी. घराचा विमा एक्सचेंजच्या दिवसापासून सुरू करा.

मॉर्गेज डीडवर साक्षीदार लागतो. तो घरचा नको आणि तुम्ही सही करताना समोर हजर हवा. एकजण भारतात जाणार असेल तर सह्या जाण्याआधी उरका.

पैसे पाठवण्याच्या सुमारास ‘आमच्या बँक खात्याचे तपशील बदलले आहेत’ असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा आहे असंच धरा. घुसखोर ईमेल वाचत असतात आणि नेमका दिवस साधतात. वकिलाच्या सुरुवातीच्या पत्रावरच्या क्रमांकावर फोन करून खाते क्रमांक तोंडी पडताळा, मगच पैसे पाठवा.

कंप्लिशन शक्यतो शुक्रवारी ठेवू नका. पैसे अडकले तर सोमवारपर्यंत सामान ट्रकमध्येच राहतं.

११. किल्लीनंतर, आणि काही बिघडलं तर

स्टँप ड्यूटी कंप्लिशनपासून १४ दिवसांत भरावी लागते. वकील भरतो, पण एसडीएलटी५ या, स्टँप ड्यूटीच्या रिटर्नच्या, प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवा. लँड रजिस्ट्रीत नाव लागायला कित्येक महिने लागू शकतात, त्याने घाबरू नका. नाव लागल्यावर नोंदवहीची प्रत नीट वाचा: आमच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं, ते कळवल्यावर दुरुस्त झालं. लँड रजिस्ट्रीची ‘प्रॉपर्टी अलर्ट’ ही मोफत सेवा त्याच दिवशी सुरू करा, म्हणजे तुमच्या घराच्या नोंदीला कुणी हात लावला तर ईमेल येतो. दहा मालमत्तांपर्यंत नोंद करता येते.

वकिलाच्या कामाबद्दल किंवा बिलाबद्दल तक्रार असेल तर आधी फर्मकडेच लेखी करा. त्यांच्याकडे आठ आठवडे असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांबद्दलच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र यंत्रणा) जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, पण फर्मच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. पहिल्या फर्मबद्दल आम्ही अशी तक्रार केली. फाइल तीन जणांच्या हातून गेली त्या तारखा आमच्या ईमेलांतच होत्या, त्यामुळे वेगळं काही सिद्ध करावं लागलं नाही. फीचा काही भाग त्यांनी स्वतःहून परत केला. तेव्हा व्यवहार मोडला तरी ईमेल पुसू नका.